नाव घेणं आणि नाव लावणं: रोजच्या बोलण्यात देवाचा मान कसा राखायचा?

प्रार्थनासभा संपत आली होती. "कुणाचा काही प्रार्थनेचा विषय?" असं विचारल्यावर मी ओळखीच्या एका कुटुंबाचं नाव सांगितलं. एवढ्यावर थांबलो असतो तर भागलं असतं. पण आवाज जरा खाली आणून मी पुढे म्हणालो, "त्यांचा मोठा मुलगा दोन महिने घरी आलेला नाही. पैशाचं काहीतरी आहे." दोघातिघांनी 'अरेरे' म्हणत माना हलवल्या, एकीने "कोण, तो थोरला?" असं विचारून खात्री करून घेतली, आणि मग सगळ्यांनी डोळे मिटले. मी जे केलं त्याला साध्या मराठीत चहाडी म्हणतात. मी ती प्रार्थनेच्या तोंडावर केली, एवढाच काय तो फरक.

बोलण्यातून देवाचा मान राखावा, हे ख्रिस्ती घरात लहानपणापासून कानावर पडतं. त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात असा असतो: शिव्या देऊ नयेत, देवाची खोटी शपथ घेऊ नये, आणि जमेल तिथे 'देवाची कृपा', 'प्रभूची स्तुती असो' म्हणावं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल वाद नाही. तिसरीबद्दल मात्र मला शंका आहे. ती का, हे सांगायला दहा आज्ञांपासून सुरुवात करावी लागेल.

उचलली जीभ, लावली टाळ्याला

"तुझा देव परमेश्वर ह्याचे नाव व्यर्थ घेऊ नकोस," ही आज्ञा बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात आहे. प्रोटेस्टंट मोजणीत ती बहुधा तिसरी, कॅथलिक आणि लूथरन मोजणीत दुसरी, मजकूर तोच. यहुदी लोकांनी तिचा इतका धाक घेतला की देवाचं चार अक्षरी नाव उच्चारणंच त्यांनी सोडून दिलं. वाचताना ते नाव आलं की त्या जागी 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असं म्हणायचं. मराठी बायबलात त्या जागी 'परमेश्वर' येतं.

आज्ञेतलं मूळ हिब्रू क्रियापद आहे 'नासा'. त्याचा साधा अर्थ उचलणं, वाहून नेणं. ओझं उचलायलाही हेच क्रियापद. 'व्यर्थ'साठी जो शब्द आहे त्याचा अर्थ पोकळ किंवा खोटं. म्हणजे शब्दशः घेतलं तर आज्ञा म्हणते: परमेश्वराचं नाव पोकळपणे उचलू नकोस. शपथेसाठी ओठांवर नाव उचलायचं आणि खोटं बोलायचं, हा तिचा सगळ्यात सरळ अर्थ. पण वाहून नेणं हा अर्थ धरला की आज्ञा पुष्कळ मोठी होते. गणनाच्या ६ व्या अध्यायात याजकांनी लोकांना आशीर्वाद कसा द्यायचा ते सांगितलं आहे, आणि शेवटी देव म्हणतो की अशा रीतीने त्यांनी माझं नाव इस्राएलांवर ठेवावं. नाव त्या लोकांवर ठेवलेलं होतं. ते उठता-बसता त्यांच्याबरोबर हिंडत होतं. बाप्तिस्माही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानेच होतो.

हे मराठी माणसाला फोड करून सांगायची गरज नाही. आपण नाव घेतो, तसं नाव लावतोही. मुलगा बापाचं नाव लावतो. मग तो एकतर ते नाव काढतो नाहीतर घालवतो, आणि दोन्हीसाठी त्याला बापाचं नाव एकदाही तोंडाने उच्चारावं लागत नाही. बापाचं नाव लावणाऱ्याने दुकानात, कचेरीत, फोनवर काय बोलावं हा प्रश्न मग आपोआपच त्या आज्ञेखाली येतो. दचकल्यावर तोंडातून 'देवा!' निघालं तर ते पाप की नाही, यावर लोक तासभर वाद घालतात. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

त्यापेक्षा एक वाक्य मला जास्त धोक्याचं वाटतं: "देवाने मला सांगितलं आहे." हे वाक्य पडलं की समोरच्याचं तोंड बंद. त्याला प्रश्न विचारायचा असतो तुम्हाला, पण आता विचारला तर तो देवालाच विचारल्यासारखं होतं. स्वतःच्या मताला देवाचा शिक्का मारून ते पुढे सरकवणं म्हणजे नाव पोकळपणे उचलणंच. यिर्मयाच्या २३ व्या अध्यायात देव नेमका अशाच संदेष्ट्यांवर चिडलेला आहे: मी यांना पाठवलं नाही, आणि हे आपलीच जीभ चालवून 'परमेश्वर म्हणतो' असं सांगत सुटतात. "मला असं वाटतं, मी प्रार्थनाही केली आहे, पण माझं चुकत असेल," असं म्हणायला जीभ जड होते खरी. पण त्यात देवाचं नाव सुरक्षित राहतं.

"तुमच्यासाठी प्रार्थना करतो" याचंही तसंच. पुष्कळदा त्याचा अर्थ 'बरं, निघतो आता' एवढाच उरलेला असतो. मी सध्या एवढंच ठरवलं आहे की म्हटलं तर तिथेच, उभ्या उभ्या, दोन वाक्यांत प्रार्थना करायची, नाहीतर म्हणायचंच नाही. अवघडल्यासारखं होतं. निम्म्या वेळा म्हणत नाही.

एकाच तोंडातून

जिभेविषयी याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय सगळ्यांना माहीत असतो. घोड्याच्या तोंडातला लगाम, मोठ्या तारवाचं लहानसं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. उपदेशात या तीन चित्रांवर वेळ जातो आणि नवव्या वचनापर्यंत पोचता पोचता घड्याळ पाहावं लागतं. खरा मुद्दा तिथे आहे. याकोब म्हणतो, याच जिभेने आपण पित्याची स्तुती करतो आणि याच जिभेने, देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसांना शाप देतो.

इथे 'प्रतिरूप' हा शब्द सगळं काम करतो. एखाद्याच्या आईच्या फोटोवर शाई ओतून "तुझ्या आईला मी कुठे काय केलं?" असं विचारलं तर चालेल का? माणूस हा देवाचा फोटो आहे, असं बायबल पहिल्याच अध्यायात सांगतं. मग माणसाला लागलेला शब्द देवाला लागत नाही, असं म्हणता येत नाही. म्हणून डोंगरावरच्या प्रवचनात येशू खुनाच्या आज्ञेबद्दल बोलता बोलता एकदम 'रका' या शिवीवर येतो. अरामी भाषेतली ती शिवी. 'रिकाम्या डोक्याचा', साधारण 'मठ्ठ' म्हणावं तशी. ती ऐकून आज कुणी मागे वळूनही पाहणार नाही. येशूने तिला खुनाच्या रांगेत बसवलं.

म्हणून देवाचा मान राखला गेला की नाही, हे उपासनेतल्या गाण्यावरून ठरत नाही. उपासना सुटल्यावर गाडी काढताना मागच्याने हॉर्न वाजवला, तेव्हा काय बोललो यावरून ते जास्त कळतं. तोंड तेच असतं, आणि मधे दहा मिनिटंही गेलेली नसतात.

कुजकं, पण खरं

इफिसकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात पौल सांगतो, तुमच्या तोंडातून कसलंही 'सॅप्रोस' बोलणं निघू नये. ग्रीक शब्द आहे, अर्थ कुजलेलं, सडकं. मत्तयाच्या शुभवर्तमानात वाईट झाडासाठी हाच शब्द आहे, आणि जाळ्यात आलेल्या माशांतून जे निवडून फेकून देतात त्यांच्यासाठीही हाच. म्हणजे सडक्या मासळीसारखं बोलणं. मासळी फेकली तरी वास खोलीत राहतो. बोलणाराही निघून जातो आणि त्याचं बोलणं मागे राहतं. आपल्याकडेही कुजकं बोलणं म्हणतातच, आणि ज्याला ते ऐकावं लागलं आहे त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पण पौलाचं वाक्य मनाईवर संपत नाही. गरज असेल त्याप्रमाणे उभारणी करणारं बोला, म्हणजे ऐकणाऱ्यांना कृपा मिळेल, असं तो पुढे म्हणतो. यातला 'गरज' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बोलायची गरज ऐकणाऱ्याची असायला हवी. माझ्या त्या प्रार्थनेच्या विषयात गरज माझी होती. आपल्याला आतली बातमी माहीत आहे, हे चारचौघांत दिसण्याची.

यावर हमखास एक बचाव येतो: "पण मी खोटं कुठे बोललो?" ख्रिस्ती परंपरेने हा बचाव केव्हाच फेटाळलेला आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात दोन वेगळी पापं सांगितली आहेत: खोटं सांगून एखाद्याची अब्रू घालवणं हे एक, आणि त्याचा खरा दोष, ज्यांना तो माहीत नव्हता त्यांना रास्त कारणाशिवाय सांगणं हे दुसरं. १६४० च्या दशकात वेस्टमिन्स्टर इथे तयार झालेल्या, प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या मोठ्या प्रश्नोत्तरीत, खोट्या साक्षीच्या आज्ञेखाली काय काय मोडतं याची लांबलचक यादी आहे, आणि त्या यादीत चक्क 'अवेळी सांगितलेलं सत्य' आणि 'वाईट हेतूने सांगितलेलं सत्य' बसलेलं आहे. मार्टिन लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत तर उलट बाजूने सांगितलं: शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याविषयी चांगलं बोला, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा. या तीन घराण्यांचं इतर पुष्कळ बाबतीत पटत नाही. चहाडीबद्दल पटतं.

फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलणं हीसुद्धा साक्षच. बायबलातल्या अनुवाद या नियमशास्त्राच्या पुस्तकात नियम होता की देहदंडाच्या खटल्यात साक्षीदाराने पहिला दगड स्वतः मारायचा, आणि साक्ष खोटी निघाली तर आरोपीला होणारी शिक्षा साक्षीदाराला. 'आलं तसं पाठवलं' हे उत्तर तिथे चाललं नसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. घरात कुणाला मारहाण होत असेल, मंडळीत कुणी लहान मुलांना त्रास देत असेल, पैशांची अफरातफर होत असेल, तर ते योग्य ठिकाणी सांगणं ही चहाडी नाही. 'कुणाविषयी वाईट बोलू नये' या वाक्याखाली अशा गोष्टी दाबल्या गेल्या आहेत, आणि तेव्हाही देवाचंच नाव गेलं आहे.

तसंच, गोड बोलणं म्हणजे देवाचा मान राखणं असंही नाही. येशूने हेरोदाला कोल्हा म्हटलं, शास्त्री-परुश्यांना चुना लावलेल्या कबरी म्हटलं. पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला. यात कुजकं काही नाही, कारण बोलणं उघड आहे आणि समोरच्याला उत्तर द्यायची मुभा आहे. आता कुणी 'मी स्पष्टवक्ता आहे बुवा' म्हणून येशूचा दाखला देऊ लागला, तर त्याने एवढं पाहावं की येशूचे कठोर शब्द कुणाला उद्देशून होते. पापी म्हणून ज्यांना सगळे टाळत, त्यांच्या वाट्याला ते आले नाहीत.

होय म्हणजे होय

शपथेबद्दल येशूचं सांगणं थोडक्यात असं: शपथ वाहूच नका, तुमचं होय म्हणजे होय असू द्या आणि नाही म्हणजे नाही. शपथ घ्यावी लागते याचाच अर्थ शपथेशिवायचं बोलणं कमी भरवशाचं आहे. बहुतेक मंडळ्या न्यायालयातली शपथ चालते असं मानतात. १७ व्या शतकात इंग्लंडमध्ये पुढे आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मात्र हे वाक्य अक्षरशः घेतलं आणि न्यायालयात शपथ नाकारून तुरुंगवास भोगला. शेवटी त्या शतकाच्या अखेरीस कायद्याने त्यांना शपथेऐवजी साधं प्रतिज्ञेवर सांगण्याची मुभा मिळाली.

त्यांची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. क्वेकर दुकानदारांनी घासाघीस बंद केली. मनात सात असताना दहा सांगायचे आणि गिऱ्हाइकाने पाच म्हणायचे, यात दोघंही खोटं बोलतात, असा त्यांचा हिशोब. म्हणून एकच भाव, लहान मूल आलं तरी तोच. डोंगरावरच्या प्रवचनातलं एक वाक्य दुकानाच्या गल्ल्यापर्यंत असं आलं. आपल्यापाशी येईपर्यंत ते "पाच मिनिटांत पोचतोच" इथवर यायला हरकत नसावी. मी हे वाक्य अजून घरातून, चप्पल शोधत, बोलतो.

शोकाच्या घरी

आता जिथे मी सगळ्यात जास्त चुकलो ती जागा. एका घरी तरुण मुलगा गेला होता. मी भेटायला गेलो, आईजवळ बसलो, आणि बसल्या बसल्या वचन सांगितलं: देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. रोमकरांस पत्रातलं आहे, खरं आहे, मला पाठ आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "पाणी आणते" म्हणाल्या आणि आत गेल्या. पाणी दुसऱ्याच कुणी आणलं. मी असेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

बायबलात मुलंबाळं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाची गोष्ट आहे. त्याचे तीन मित्र माझ्यापेक्षा शहाणे होते, निदान पहिला आठवडा. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. मग त्यांनी तोंड उघडलं. पुढचे अध्यायच्या अध्याय ते देवाची बाजू मांडतात: देव न्यायी आहे, तो उगाच शिक्षा करत नाही, तुझंच काही चुकलं असेल. ईयोब मात्र देवाशी भांडतो, जन्मदिवसाला शाप देतो, देवाला खटल्यात उभं करू पाहतो. आणि शेवटच्या अध्यायात देव काय म्हणतो? मित्रांना म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाही.

हे वाचून थबकायला होतं. देवाची वकिली करणारे चुकीचं बोलले, आणि ओरडणारा नीट बोलला. यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला दिसणारा एक धागा असा की मित्र देवाविषयी बोलत राहिले, ईयोब देवाशी बोलला. रानातल्या इस्राएल लोकांची कुरकुर देवाला आवडली नाही, आणि स्तोत्रांतली कुरकुर मात्र पवित्र शास्त्रात छापून आली, याचंही कारण बहुधा हेच. अनुवादाच्या पहिल्या अध्यायात म्हटलं आहे की लोक आपापल्या तंबूंत बसून कुरकुरले. म्हणजे देवाच्या पाठीमागे. स्तोत्र ८८ वाचून पाहा. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एक वाक्यही नाही. पण सगळं देवाच्या तोंडावर बोललेलं आहे. वधस्तंभावर येशूने 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं विचारलं, तेही २२ व्या स्तोत्रातलंच.

त्यामुळे शोकाच्या घरी 'देवाची इच्छा' हे शब्द मी आता बोलत नाही. रडणारी आई स्वतः म्हणाली तर ऐकतो. तिने देवाला दोष दिला तरी ऐकतो, आणि देवाची बाजू घ्यायला धावत नाही. त्याची काळजी तो घेईल.

पहारा

एवढं सगळं समजून जीभ ताब्यात येते का? नाही. येशूनेच सांगितलं आहे की अंतःकरणात जे भरून उरतं तेच तोंडातून निघतं, म्हणजे निव्वळ तोंड आवळून धरण्याचा उपाय फार काळ चालणार नाही. तरी तोंड आवळण्याला किंमत आहेच. १४१ व्या स्तोत्रात 'हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव' अशी मागणी आहे. पहारेकरी बाहेरून मागवावा लागतो. ६ व्या शतकात संत बेनेदिक्तने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात रात्रीच्या प्रार्थनेनंतर कुणीही बोलायचं नाही असा नियम आहे. मग पहाटेच्या अंधारात उठून पहिली प्रार्थना सुरू व्हायची ती ५१ व्या स्तोत्रातल्या ओळीने, तीनदा म्हणून: प्रभो, माझे ओठ उघड. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या फोन हातात घेण्याआधी मी ती ओळ म्हणायचा प्रयत्न करतो. आठवड्यातून तीन दिवस जमतं, चार दिवस फोन जिंकतो.

बोलून गेलेल्या शब्दाचं काय करायचं, हे मला त्या प्रार्थनासभेनंतर शिकावं लागलं. देवाजवळ कबुली देऊन मी मोकळा झालो होतो, असं मला वाटत होतं. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात मात्र लिहिलं आहे की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. मी महिना घालवला आणि मग गेलो. त्या मुलाच्या आईला मी काकू म्हणतो. म्हटलं, "काकू, तुमच्या घरची गोष्ट सभेत मी बोललो. बोलायला नको होती. माफ करा."

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू होतास होय? मला वाटलं माझ्या बहिणीनं सांगितलं. महिनाभर बोलले नाही मी तिच्याशी."

काय म्हणावं ते मला सुचेना. त्या उठल्या, चष्मा शोधला, आणि बहिणीला फोन लावायला आतल्या खोलीत गेल्या.